नव्या गाडीचा गार्ड

चिखलीच्या गॅरेजवर संघपाल पंक्चरसाठी कधीचा ताटकळला होता. मिस्त्री एका नवरा-बायकोच्या भांडणात अडकला होता. मधे त्यांची नवी कोरी मोटारसायकल.

"क्रॅश गार्ड नाही लावत. गाडीचा लुक जाते."

"पयल्या गाडीचा लुक लई भारी होता नं? गेली भंगारात."

"माही चूक होती का? रानडुक्कर आडवं आलं."

"मंग डुकराले फोन करून ठेवा, नवी गाडी हाय म्हणा."

"पूनम, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. दवाखान्यात तुमचा पाय धरून मी एकटीच बसली होती, तवा कुठं होते लोक?"

नवरा मग मिस्त्रीकडे वळला.

"लावा, भाऊ."

"पुढचाच लावू का मागचा बी?"

"मागं ही बसते. मागचा पयले लावा."

संघपाल स्टूल ओढून बसला.