शंभर टक्के निरोगी शाळा

हॅलो?… हो, मुख्याध्यापक नानासाहेब बोलतोय, बिडकीनच्या पुढची शाळा… बोला भानुमती मॅडम! नाय, आधी माझं ऐका. तुमच्या विद्यापीठाचा आरोग्य प्रकल्प आणि आमची शाळा एकत्र आली आणि इतिहास घडला! अख्ख्या तालुक्यात इतकी निरोगी शाळा शोधून सापडायची नाय!

काय?… त्यासाठीच फोन केलात? हो, हो, अभिनंदन स्वीकारतो…

अभिनंदन नाय?

अहो, शंका कशाला? तुमच्याच डॉक्टरांनी मुलींच्या बोटाला टोचून रक्त बघितलं ना? नववीतली एकही अशक्त निघाली नाय… व्हय, एकही नाय… आता तुम्हाला खोटं कशाला सांगू, तुम्ही तपासली ती आमची खो-खोची टीम होती.

ऐका ना मॅडम… अहो, तुम्हीच ‘तपासणी’ म्हणालात ना? तपासणी म्हटलं की कच्ची पोरं त्या दिवशी घरी ठेवायची, ही पद्धतच आहे. साहेब गणित बघायला आले तरी तेच, तुम्ही रक्त बघायला आलात तरी तेच. ज्या ज्या फिकट दिसल्या त्यांना मीच सुट्टी दिली…

हॅलो? जरा हळू बोला मॅडम…

काय? प्रकल्प दुसऱ्या शाळेला? खुलताबादकडं?… रक्तवाढीच्या गोळ्यासुद्धा?… अहो, पण निरोगी निघालो ही काय आमची चूक झाली?… बरं. झाली.

एक मिनिट हं मॅडम… अहो गोकुळराव, बसा की! चहा घ्या. दाखला काय पळून चाललाय का?

हं, बोला… नाय हो, एक पालक आलेत. नववीतल्या सत्यभामाचे वडील. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायलेत… अहो, प्रार्थनेला पडती ती. चक्कर येऊन. लई हुशार पोरगी, पण ‘जन गण मन’ काही पूर्ण होत नाय तिचं. घरचे म्हणतेत, पोरगी चारचौघांत पडती, उद्या सोयरीक कशी जमायची, त्यापेक्षा घरीच बसू दे…

तपासणीला? ती कुठली! तिला तर सगळ्यात आधी घरी पाठवलं.

…हो मॅडम… हो… ते कळलं… तेही कळलं, मॅडम.

म्हणजे रक्त कमी असलं तर असं होतं? आणि गोळ्यांनी थांबू शकतं?… मग उद्याच या की!… कोण म्हणालं इथं सगळे निरोगी आहेत?… मी म्हणालो, पण ते तपासणीपुरतं. आता खरं सांगतो, निम्मी शाळा फिकट आहे. अभिमानानं सांगतो!

थांबा, यांना विचारतो. गोकुळराव, विद्यापीठाच्या मॅडम उद्या येतेत. सत्यभामाच्या बोटाला जरासं टोचायचं, बस्स… छे, काय दुखतंय! मुंगी चावल्यासारखं… मी? मी कशाला?… मी नववीत आहे का?… अहो, पण…

मॅडम, हे म्हणतेत, गुरुजींनी सगळ्या शाळेसमोर आधी आपलं बोट पुढं करावं. मग पोरीची तपासणी करा, आणि दाखलाबी नको म्हणतेत… तुम्ही हसताय का?… आवाज तसा आला.

गोकुळराव, दिला शब्द! पोरीच्या शिक्षणासाठी बोट काय, अख्खा हात पुढं करतो! हां… या. पोरीला पाठवा मात्र. या.

गेले, मॅडम. चहा तसाच ठेवून गेले, पण दाखला न घेता गेले… हो, प्रार्थनेच्या वेळेलाच या. सगळ्या मुली हजर ठेवतो. खो-खोवाल्यांना पाहिजे तर सुट्टी देतो… नको? बरं, त्याही राहतील.

अन् मॅडम… ठेवू नका… एक छोटीशी विनंती होती. येताना एखादी बारीक सुई मिळाली तर बघता का?…

नाय, मुलींसाठी नाय.