राऊटरमागची वायर

अरे, नेट गेलं म्हणून तुम्ही चिडता, मी तर त्या दिवशी थरथर कापलो. फुलसावंगीच्या घरी बाबांसाठी मी लिनक्सवर चालणारा छोटा म्युझिक प्लेअर बसवलता. नेटवरून भजनं लागत, पण मधीच बंद पडत. सेटिंग बदलून पाह्यली, तरी तेच. मले वाटलं, राऊटरची वायर ढिली असन. दुपारी बायकोले लॅपटॉपवर कनेक्शन पाहाले बसवलं अन् कपाटावरच्या राऊटरमागं हात घातला.

"आलं," ती म्हणे. "गेलं. पुन्हा आलं."

"आता वायर धरली, पाहाय. पण हे हाताले इतकी थंडी काहून लागून राह्यली?"

"अहो, वायर तर इकडून लोंबून राह्यली!"

तेवढ्यात माह्या मुठीतलं हललं.

बायको किंचाळली, "सोडा!" पण बोटंच उघडेनात. खाटेवरून बाबा हळूच म्हणाले, "हात ओढू नोको. बोटं सैल कर."

मी सोडलं अन् मागं पडलो. मंग बोलावलेल्या सर्पमित्रानं राऊटरमागून नाग बाहेर काढला. "राऊटरच्या आडोशाले बसलता," तो म्हणे. "हा हलला का वायरची पिन हलत असन."

तेव्हापासून भजन एकदाही अडकलं नाही. मी मात्र चार्जरची वायर धरतानाही आधी एका बोटानं शिवून पाहातो, थंडी तर नाही ना.