ताईची दाढ आणि धाकटीचा शब्दकोश

दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या गृहस्थांचा गाल इतका सुजला होता की त्यांना बोलता येत नव्हतं. त्यामुळे शेजारच्या दोघी बहिणींचं ऐकण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं.

“काहीतरी बोल गं. तुझा तो इंग्रजी शब्दकोश कुठवर आलाय?”

“बिगपर्यंत आलाय, ताई.”

“त्यात काय लिहायचंय? बिग म्हणजे मोठा. शेंबड्या पोरालाही येतं.”

“पूर्वी बिग म्हणजे दणकट. आकाराचा अर्थ मागाहून चिकटला.”

“आणि मुळात शब्द आला कुठून?”

“ते नक्की कुणालाच माहीत नाही. मीही तसंच लिहिलं.”

“पगार घेऊन?”

“दर महिन्याला.”

“धन्य आहे बाई! तुझा हात इतका गार का लागतोय?”

“माझा नाही, तुझाच गार पडलाय.”

“डोक्यावर पंखा आहे ना.”

“तो बंद आहे, ताई.”

“लहानपणी तुला इंजेक्शन द्यायचे, तेव्हा हात कोण धरायचं?”

“तूच. दणकट होतीस.”

“अक्कलदाढवाल्या बाई, चला आत!” मदतनीस दारातून ओरडली.

“हिला घ्या आधी.”

“दाढ तुझी आहे, ताई.”

“मग तूही चल. आणि घरी विचारलं तर सांग, ताई एकटीच आत गेली.”

“सांगेन, नक्की कुणालाच माहीत नाही.”

दोघी हात धरून आत गेल्या. पुढचा नंबर गृहस्थांचा होता. त्यांनी फोन काढला आणि धाकट्या भावाला लिहिलं, “सहज विचारतोय, मोकळा आहेस का रे?”