माझ्या नावाचा ठराव

प्रशिक्षक : ...म्हणजे काल आणि परवा या पाटीमागे हेच बसले होते! मी म्हटलं, असतं एखाद्याचं नाव बायकी.

बाई : नाव माझंच आहे, सर. बसले भावजी. माझे धाकटे दीर. घरात ठरलं की नियमबियम ते ऐकून येतील आणि मला थोडक्यात सांगतील.

प्रशिक्षक : मग सांगितलं का थोडक्यात?

बाई : सांगितलं की. जेवण चांगलं होतं म्हणाले.

प्रशिक्षक : आणि आज तुम्हाला कसं काय पाठवलं?

दीर : घसा... बसलाय.

बाई : निकालाच्या दिवशी माझ्या नावाच्या घोषणा दिल्या ना त्यांनी, तेव्हापासून असंच चाललंय. आज सभेत बोलायचं आहे म्हणे. बोलायला माणूस लागतं, म्हणून मला आणलं.

(प्रशिक्षण केंद्राचा हॉल. नुकतेच निवडून आलेले सदस्य समोर नावाच्या पाट्या ठेवून बसलेत. आज शेवटचा दिवस, सरावाची सभा. दिरांनी मागची खुर्ची इतकी पुढे ओढलीय की त्यांचा श्वास बाईंच्या मानेला लागतो. बाई शिवणकाम करतात. त्यांच्या मनात येतं, ब्लाउजचं माप घेतानाही आपण कुणाच्या इतकं अंगावर जात नाही.)

प्रशिक्षक : असो. मागे बसा, पण बोलायचं फक्त सदस्यांनी. सरावापुरता मी अध्यक्ष. विषय मात्र खरेच घेतोय, पुढच्या आठवड्यातल्या पहिल्या सभेसाठी तुम्ही जे दिलेत तेच. विषय पहिला. बाजारामागची मोकळी जागा वाहनतळासाठी देण्यात यावी. ठराव मांडणाऱ्या सदस्य... अरे, तुम्हीच की!

बाई : मी?

दीर : हो म्हणा, वहिनी.

बाई : भावजी म्हणतायत, हो म्हणा.

प्रशिक्षक : ते मलाही ऐकू आलं. तुम्ही काय म्हणता?

बाई : मी विचारते, ही जागा म्हणजे पडक्या भिंतीच्या आतली?

दीर : तीच. तुम्ही नुसतं वाचा... नागरिकांच्या सोयीसाठी...

बाई : भावजी म्हणतायत, नागरिकांच्या सोयीसाठी. कुठल्या नागरिकांच्या हो, भावजी? त्या जागेसमोर टायरचं दुकान कुणाचं आहे?

दीर : हळू. लोक हसतायत.

बाई : हसू देत. सर, ती जागा मी बाजारातल्या बायकांना कबूल केलीय. स्वच्छतागृहासाठी. भाजीवाली, फुलवाली, मासळीवाली, सगळ्या सकाळी घोटभर पाणी पिऊन घर सोडतात आणि दिवेलागणीपर्यंत तोंडाला पाणी लावत नाहीत. का, तर जायचं कुठे? गेल्या उन्हाळ्यात मासळीवाली टोपलीवरच कोसळली. तिचं डोकं माझ्या मांडीवर, मी पेला धरलेला, आणि ती ओठ घट्ट मिटून. धड शुद्धीत नव्हती, पण ओठ काही उघडेना. सवयच लागली ना शरीराला.

प्रशिक्षक : बाई, हे... हे मला कळतंय. पण कागदावर ठराव वाहनतळाचा आहे, आणि मांडणाऱ्या सदस्य तुम्ही आहात.

बाई : कागदावरची सही माझी नाही.

दीर : तुमच्या वतीनं केली. निवडणूक कुणी लढवली, वहिनी?

बाई : भावजी म्हणतायत, निवडणूक कुणी लढवली. तुम्हीच, नाही कोण म्हणतंय! गाडीवर भोंगा लावून तुम्ही पुढं पुढं जायचात आणि मी मागून एकेक दार वाजवत यायचे. भोंग्याशी कुणी बोलत नाही, सर. दार वाजवलं की आतून माणूस येतं, काहीतरी मागतं. मी शब्द दिला.

दीर : निवडणुकीत... सगळेच देतात.

बाई : हे मी नाही मोठ्यानं सांगणार. हे तुम्ही सांगा, घसा सुटला की, भर बाजारात उभं राहून.

प्रशिक्षक : घंटा वाजवतो हं! मागच्या खुर्चीशी बोलायचं नाही. काय बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून.

बाई : बरं. अध्यक्ष, ठराव माझ्या नावाचा आहे. मग मला तो मागे घेता येतो का?

प्रशिक्षक : येतो. मतदानाआधी, सभेची संमती घेऊन. काल दुपारी एवढंच तर शिकवत होतो.

बाई : भावजी, हे नाही सांगितलंत मला.

दीर : जेवणानंतरचा तास होता तो.

प्रशिक्षक : तरीच! मी म्हटलं, घसा बसलेला माणूस घोरतो कसा एवढा.

दीर : वहिनी, जरा बाहेर चला. बोलायचंय.

बाई : इथंच बोला. तुमचं कुजबुजणं सगळ्या सभेला ऐकू जातं.

दीर : तुमचं शिवणयंत्र माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात आहे. तेवढं ध्यानात ठेवा.

बाई : ध्यानात आहे. येता-जाता ऐकतेच की त्या कोपऱ्याबद्दल. गिऱ्हाईक आलं तरी तुम्ही सांगता, जागा माझी आहे म्हणून. आज संध्याकाळीच उचलते यंत्र. फुलवालीच्या छपराखाली हात-दोन हात जागा निघेल.

दीर : पावसात?

बाई : भिजेल कापड. वाळेल.

दीर : दादाला काय सांगू मी?

बाई : काय घडलं ते सांगा. तुमचे दादा म्हणतील, जरा दमानं घे. लग्न झाल्यापासून तेच म्हणतायत बिचारे. आजवर दमानंच घेतलं, भावजी. पुढंही दमानंच घेईन, पण माझ्या रस्त्यानं.

प्रशिक्षक : बाई, एक सांगायला हवं. ही सरावाची सभा आहे. इथं मागे घेतला म्हणून तिथं मागे घेतला असं होत नाही. तिथं पुन्हा उभं राहावं लागेल. आणि तिथं हसणारे लोक या लोकांसारखे नसतात. पाणउतारा करतात. बायकांचा जास्तच.

बाई : कितपत आवाज लागेल?

प्रशिक्षक : शेवटच्या रांगेला ऐकू जाईल एवढा. आणि मध्ये कुणी बोललं तरी थांबायचं नाही.

बाई : मग बघते इथंच. अध्यक्ष, वाहनतळाचा जो ठराव...

दीर : वहिनी, ऐका...

बाई : ...वाहनतळाचा जो ठराव माझ्या नावावर दिलाय, तो मी मागे घेते. मला न विचारता दिलाय, तेही लिहा. गेलं का ऐकू?

प्रशिक्षक : दारातला शिपाई आत डोकावला, म्हणजे गेलं. कुणाची हरकत? नाही. ठराव मागे.

दीर : मी गाडीत बसतो. फार वेळ थांबणार नाही, सांगून ठेवतो.

बाई : थांबूच नका. बस आहे मला. आणि भावजी, गरम पाण्याच्या गुळण्या करा. तो आवाज काही बरा नाही.

प्रशिक्षक : गेले. दार आपटलं त्यांनी.

बाई : आपटू द्या. घरी गेल्यावर आणखी दोन-चार आपटतील. सर, स्वच्छतागृहाचा ठराव द्यायला अजून मुदत आहे?

प्रशिक्षक : उद्यापर्यंत. तयार नमुना आहे माझ्याकडे, नुसत्या जागा भरायच्या. देऊ?

बाई : नको. कोरा कागद द्या. पहिल्या ओळीत काय येतं?

प्रशिक्षक : मांडणाऱ्या सदस्याचं नाव.

बाई : ते लिहून झालं, सर. पुढं सांगा.