विद्याने लिहू न दिलेलं कारण

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार.

आधी माफी मागतो. सोसायटीच्या मंडळींनी मला मागेच सांगितलं होतं, काका, विद्याबद्दल दोन शब्द लिहून ठेवा. ते मी आज सकाळी लिहिले. इतक्या उशिरा. लिहायला बसलो की आधी बीपी मोजायचो, आणि बीपी मोजलं की वाटायचं, आता मलाच काहीतरी होतंय. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जाणारा माणूस मी. सांभाळून घ्या.

विद्या माझी पुतणी. बदलापूर रस्त्यावर टेम्पोने तिच्या स्कूटरला धडक दिली आणि ती गेली. प्रशांत, बाबा, तुझ्या बायकोच्या जाण्याबद्दल मला बोलता येणार नाही. ती वागायची कशी, तेवढं बोलतो.

ती काय काम करायची, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटरवर बसते, एवढंच. तर तिच्याकडे हॉस्पिटलांचे कागद यायचे. डॉक्टरांनी जो आजार लिहिलाय, त्याला ठरलेला कोड लावायचा. लिहिलाय तोच. मनाचा नाही. मी सातवी शिकलेला, इथल्याच जीन्सच्या कारखान्यात जन्म गेला. मी म्हटलं, "म्हणजे लेबल लावायचं." ती हसली. म्हणाली, "हो काका. पण तुमचं लेबल चुकलं तर पॅन्ट परत येते. आमचं चुकलं तर माणसाच्या नावावर नसलेला आजार लागतो."

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी बायको सुमन इथे पुढेच बसली आहे, तिला विचारून सांगतोय. तिच्या बोटांची टोकं जळजळायची, डोकं दुखायचं. रक्त तपासलं. प्लेटलेट्स खूप वाढलेल्या.

आता मला सांगा, प्लेटलेट्स म्हटलं की आपल्याला काय आठवतं? डेंगू. दरवर्षी कोणत्या ना कोणत्या मजल्यावर कोणाच्या तरी प्लेटलेट्स उतरतात, आणि आपण पपईच्या पानांचा रस घेऊन धावतो. मग वाढल्या तर चांगलंच की! शेजारच्या कविताभाभी म्हणाल्या, "अंकल, बढिया है! अब डेंगू की हिम्मत नहीं होगी." सुमनने पेढे वाटले. खाल्ले ना तुम्ही? खाल्ले. मीही खाल्ले.

विद्यालाही पेढा दिला. तिने तो हातातच धरला आणि रिपोर्ट मागितला. मग डॉक्टरांचा कागद मागितला. "काकू, कारण काय लिहिलंय?" कारण कुठेच नव्हतं.

ती म्हणाली, "हा नुसता आकडा आहे, आजार नाही. प्लेटलेट्स संसर्गाने वाढतात. लोह कमी पडलं तरी वाढतात. ते बरं केलं की खाली येतात. पण कधी कधी रक्त जिथे तयार होतं तिथेच बिघाड असतो. मग रक्ताची गुठळी होऊ शकते."

गुठळी! मी पेढ्यांचा डबा बंद केला. म्हटलं, "यातलं कोणतं, तूच सांग."

"मी कोडर आहे काका, डॉक्टर नाही."

"अगं, पण घरचं माणूस आहे!"

"घरचं आहे म्हणूनच अंदाज करणार नाही."

ती आम्हाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. लोह तपासलं, ठीक निघालं. ताप नाही, कुठे सूज नाही. मी मात्र डॉक्टरांच्या मागे लागलो. "साहेब, संसर्ग लिहून टाका ना. लिहिलेलं असलं की जीव थाऱ्यावर येतो." डॉक्टर भले माणूस. माझा चेहरा बघून म्हणाले, "बरं आजोबा, असूही शकेल," आणि त्यांनी पेन उघडलं.

विद्या म्हणाली, "सर, काकांच्या समाधानासाठी नको. पुढचे डॉक्टर ते वाचतील आणि शोधायचं थांबवतील."

डॉक्टर हसले. "तू काकांची वकील की काकूंची?"

"काकूंची."

मग त्यांनी लिहिलं, प्लेटलेट्स वाढलेल्या, कारण अजून निश्चित नाही, रक्ततज्ज्ञांनी बघावं. मला इतका राग आला की परत येताना रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. मागून तीच बोलली. "काका, कारण माहीत नाही, यालाही आमच्याकडे कोड आहे. तो लावून ठेवला की शोध चालू राहतो."

तज्ज्ञांनी रक्त आणखी एका तपासणीला पाठवलं. रिपोर्ट घ्यायला विद्या बरोबर येणार होती. त्याआधीच हे झालं.

मंडळी, गेल्या आठवड्यात फोन आला. रिपोर्ट तयार आहे. प्रशांत एवढ्या दुःखातही म्हणाला, मी घेऊन येतो. मी नको म्हटलं आणि रोज नवी सबब काढत गेलो. आज शनिवार आहे, आज माझं बीपी वाढलंय, आज रिक्षांचा संप होईल असं ऐकलंय. काल सुमन म्हणाली, "विद्या असती तर तिने तुम्हाला रिक्षात कोंबून नेलं असतं." खरं आहे. कोंबलंच असतं.

तर उद्या सकाळी आम्ही दोघं रिपोर्ट घेऊन तज्ज्ञांकडे जातोय. इथे सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मी डॉक्टरांना विचारणार, कारण काय? ते कागदावर लिहा. कळलं नसेल तर कळलं नाही असं लिहा. मला बरं वाटावं म्हणून एक अक्षर लिहू नका. बीपी वाढेल. वाढू दे. बिघाड निघाला तर औषध चालू करू. पण सुमनच्या नावावर खोटं कारण लागू देणार नाही.

आणि तुम्हाला एक सांगणं. तुमच्यापैकी कोणी वाढलेल्या प्लेटलेट्सचा रिपोर्ट खुशीने कपाटात टाकला असेल, तर तो बाहेर काढा. घाबरू नका, घाबरायला मी आहे. बहुतेक वेळा साधंच काही निघतं, हे विद्यानेच सांगितलं होतं. पण डॉक्टरांना दाखवा, आणि कारण विचारल्याशिवाय खुर्चीतून उठू नका.

आता सगळे उभे राहूया. विद्यासाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका. मग घरी जा, कपाट उघडा, आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. फोन करा, जिन्यातून हाक मारा, कसंही. पण लवकर कळवा. मला धीर धरवत नाही.