लक्ष्मीच्या पाटाशेजारचे तीन डब्बे

...अन् मले सांगा, वड्याची दाळ वाटाची तं मिक्सर लावाचा कुठं? अड्याळच्या आमच्या घरी देवघरापाशी बोर्ड एकच, अन् त्याच्यावर लेकीचे, रेणूचे, तीन डब्बे! साबणाच्या वडीएवढाले कॉम्प्युटर, दिवे लुकलुकवत लक्ष्मीच्या पाटाशेजारी बसलेले, जसे काही हेच नैवेद्याचे मानकरी!

"आई, हे क्लस्टर आहे, तिघं मिळून एकच काम करतेत, हात नको लावू. अकराले पुण्याचे सर लॅपटॉपवर पाहणार. जमलं तं नोकरी, अन् तेही घरूनच."

घरूनच! मार्गशीर्षाचे गुरुवार मी कायले धरले मंग? पोरगी डोळ्यापुढं राहावी म्हणूनच ना!

म्हटलं, बाई, हे करतेत काय? म्हणे, एक विचारते, बाकीचे दोन सांगतेत. डब्ब्यात बोलाचं दार असते, त्याले सॉकेट म्हणतेत. सांगणारं दार आधी आपलं नाव लावून बसते, 'तळ्याची पातळी, नंबर सात'. दोघांतही तेच नाव लावलं. विचारणारा त्या नावानं हाक मारते, मंग कोणीही जोडलं जावो. "डब्ब्याचा पत्ता नाही, आई, कामाचं नाव. हाक मारली का 'ओ' येतेच!"

अगा माय, हे तं आमच्या सवाशिणीसारखंच झालं! सत्यभामाबाईच पाहिजे म्हणून आम्ही अडून बसतो का? ती गेली जवाहरनगरले लेकीकडं, तं आज पाटावर ललिताबाई. ओटी भरल्याशी मतलब. हाक मारली का 'ओ' येतेच!

तं तुम्हाले सांगते, अकरा वाजून गेले, रेणू सरांसंग इंग्रजीत फाडफाड बोलून राहिली, दाळ फुगून टम्म, अन् ललिताबाई पाटावरून म्हणते कशी, "सुशीलाबाई, वडे आज खाऊ घालता का पुढच्या गुरुवारी?" आता हे ऐकून कोणाचा हात राहीन जाग्यावर? तिघांत ज्याचा दिवा कमी लुकलुकत होता, तो रिकामाच बसला असंन म्हटलं... अन् ओढला प्लग!

"आईऽऽ!"

नेमका जोडलेला सांगणाराच तो! पडद्यावर लाल ओळ, कनेक्शन तुटलं. रेणूनं कपाळावर हात मारला. मी हात जोडले, माय लक्ष्मी, माझ्या उपासाचं काही नको देऊ, पण पोरीची हाक वाया जाऊ देऊ नको...

एक श्वास. दोन श्वास. अन् विचारणाऱ्यानं पुन्हा तेच नाव घेतलं, तं दुसऱ्या डब्ब्यातून, "ओ! पाणी नऊ फूट!" सांगते ना मी, हाक मारली का 'ओ' येतेच!

सर खुर्चीतून अर्धे उठले, "अरे वा! चालू कनेक्शन बीच में काट के दिखाया? किसका आयडिया था?"

पोरगी खोटं बोलत नाही, वाण नाही पण गुण लागला माझा. "आईनं काढला, सर. वडे करायचे होते."

सर असे हासले! "आंटी, हर हफ्ते निकालिए!"

नोकरी लागली हो. घरूनच! साखर वाटली मी गावभर. आता डब्बे झाले सहा, अन् दर गुरुवारी पोरगी म्हणते, "आई, काढ प्लग." मी काढते, दुसरा 'ओ' देते, अन् ती प्लग लगेच परत लावते. दाळ? पाट्यावर. हात दुखतेत, पण बोलाचं कोणाले? हाक मारली का 'ओ' येते हे खरं... पण मिक्सरले बोर्डच नाही, तं तो बिचारा 'ओ' देईन कुठून?