पाणी आलं की हाक मारा

...तर मला काय इचारताय, त्येला इचारा की. तो बघा, सोनबा, विजार गुडघ्याच्या वर खोचून, फावडं घेऊन कसा माज्या पाळीचं पाणी सोताच्या उसात नेतोय, आन् मी हितं बांधावर बसून तंबाखू मळतोय. सकाळधरनं जो येतो तो तेच. "जोतीराम, चारीला पयली पाळी तुजी ना?" व्हय, माजी. "मग भरतोय सोनबा कसा?" आरं भरतोय, कारण मी गोव्याला गेलो व्हतो. आता गोव्याचा आन् ह्या पाण्याच्या चारीचा संबंध काय, म्हंता? मग बसा. बसा, बादशाहभाई, तुमचं दुकान कुठं पळून जात न्हाय. पाणी माज्याकडं वळायला अजून लई येळ हाय, तवर ऐका.

हे खूळ आमच्या जावयाचं. नागेशराव. माणूस सोन्यासारखा, पुण्याला कंपनीत, पोरगी आमची प्रतिक्षा सुखात हाय, पण त्येला एकच खोड, दुसऱ्याला सुखानं बसू द्यायचं न्हाय. "मामा, मामींनी समुद्र बघितला न्हाय अजून, चला गोव्याला." आता आमच्या बायकोनं, नकोशीनं, समुद्र बघितला न्हाय ही गोष्ट खरी, पण तिनं कधी मागितला बी न्हवता. तिनं मागितल्याली गिरणी अजून आणायची ऱ्हायलीया, समुद्र कुठनं आला मदीच? पण जावयाला न्हाय कसं म्हनायचं... बसलो गाडीत. आन् तुमाला सांगतो, कोल्हापूर मागं पडतंय न पडतंय तवर आमच्या चारीवरच्या मोईनचा फोन, "तात्या, कॅनॉल लवकर सुटलाय, उद्या-परवा आपल्या चारीला पाणी." झालं. उसाची लागण नवी, कोंब आत्ता कुठं वर आल्यालं, इहिरीला तळ दिसाय लागलाय, आन् ही पाळी चुकली की पुढची येईस्तवर त्येच्या काड्या व्हायच्या. मोईनला म्हटलं, बाबा, तू तेवढं दारं धर माजं, सरीसरीला पाणी दे. तर म्हंतो, "मी बहिणीच्या लग्नात, सोलापुरात हाय." मग ऱ्हायलं कोण? तर हा. चुलतभाऊ आमचा. सोनबा.

आता आमचं कसं हाय तुमाला म्हाईतच हाय. बोलणं हाय, न्हाय असं न्हाय, पण ते भांडणापुरतं. बांध एक, चारी एक, चारीचं दारं एक. त्येनं माजं पाणी फोडायचं, मी त्येच्या सरीचं तोंड बुजवायचं, हे आमच्या बापांच्या येळंपासनं चालत आल्यालं. त्येला फोन करून मी म्हनू, की बाबा माजी लागण भिजव? जीव गेला तरी न्हाय. नकोशी म्हटली, "मी करते फोन." म्हटलं, खबरदार. ती गप बसली. बायको गप बसली की माणसानं समजून घ्यावं, पण माजं ध्यान कुठं, चारीवर.

तर आलो समुद्रावर. आन् खरं सांगू का, तेवढं पाणी एका जागी बघून माज्या मनात पयला इचार काय आला म्हाईताय? आता पाळी कुणाची चालू हाय? एवढं पाणी, येतंय आन् माघारी जातंय, येतंय आन् माघारी जातंय, धरायला कुणी न्हाय, सोडायला कुणी न्हाय, आन् एका सरीच्या उपेगाचं न्हाय. माजा जीव नुसता खालीवर. बसू वाटंना, उठू वाटंना, दर घटकंला फोन काढायचा, बघायचा, ठिवायचा. शेवटी नकोशीच वैतागली. नागेशराव म्हंत व्हते, "मामा, सर्फिंग करू," तर ही म्हटली, "जावा की, पाण्यात जावा न्हायतर कुठं बी जावा, पण माज्या डोळ्यापुढनं जावा. फोन हितं द्या." घेतला की काढून. म्हटलं, फोन आला तर हाक मार. "मारते."

आता सर्फिंग म्हंजी काय? सांगतो. एक लांबडी फळी. ती घेऊन पाण्यात आत जायाचं, तिच्यावर पालथं पडायचं, मागनं लाट आली की चट्कन उठून उभं ऱ्हायाचं, आन् उभ्या उभ्या काठाला यायचं. मी म्हटलं, काठालाच हाय की मी.

शिकवायला एक गडी, डोक्यावर केसांचा अंबाडा, अंग उन्हानं काळं. मी आपलं हिंदी जुळवाय लागलो, "देखो भाईसाब, हमको जरा..." तर तो म्हंतो, "तात्या, मराठीत बोला. मी शाहिद. भवानीनगरचा. वडील कारखान्यात व्हतं." घ्या. घाट उतरलो, राज्य बदललं, जमीन संपंस्तवर गेलो, आन् पडल्यावर हसायला माणूस भेटला कुठला, तर आमच्या काटेवाडीशेजारच्या भवानीनगरचा.

त्यानं आदी वाळूतच पालथं पाडलं. "हात छातीपाशी घ्या. नजर पुढं. आता एका दमात उठा." म्हटलं, शाहिद, बाबा, हे सोडून दुसरं शिकव. उठायचं मला येतंय. उभी हयात चारीच्या बांधावर पालथं पडून काढलीया, कुणी नुसतं 'पाणी आलं' म्हटलं की डोळं उघडायच्या आदी उभा आसतो मी. मग पायाला दोरी बांधाय लागला. दुसरं टोक फळीला. आरं, मी काय चरायला सोडल्याली शेळी हाय? इहिरीत पवायला शिकलो तवा दोरी कमरंला व्हती आन् दुसरं टोक बापाच्या हातात व्हतं, त्येला काय अर्थ तरी हाय. हितं मी बुडालो तर मला फळी वढणार, का फळी पळाली तर तिला मी?

गेलो आत. कमरंइतकं पाणी. शाहिदनं फळी धरली, मी पालथा, मागं बघतो तर लाट आली. "तात्या, पाणी आलं, उठा." आन् माजा पाय गेला खाली. फळीवरनं उतरलो, वाळूत दोन पाय रोवून घट्ट उभा ऱ्हायलो, फळी गेली पुढं, दोरीनं पाय गेला तिच्यामागं, आन् मी गेलो तोंडावर. नाकातोंडात मीठ. शाहिद म्हंतो, "आवो, खाली का उतरला?" म्हटलं, पाणी आलं की. "पाणी आलं की चढायचं, तात्या." आमच्याकडं उतरायचं. "हितं चढायचं." आता तुमीच सांगा, बादशाहभाई, पन्नाशी गाठल्याला माणूस, ज्याचा पाय जन्मभर पाणी आलं की सरीत उतरलाय, त्येच्या पायाला एका दिवसात कसं सांगायचं की बाबा आता चढ?

दुसरी लाट आली तवा पाय आवरला, तर हात गेलं. वाकलो आन् दोन्ही हातांनी वाळू वढाय लागलो. बांध घालाय. समुद्राला. काठावर नागेशराव फोन धरून उभं, शूटिंग चाललंय, प्रतिक्षा पोट धरून हसतीया. तिसऱ्या लाटंला बघतो कुठं तर नकोशीकडं, फोन वाजला का न्हाय... गेलो खाली. पुढं किती पडलो त्येचा हिशोब मी ठिवला न्हाय, जावयानं ठिवलाय. शाहिद म्हटला, "तात्या, तुमचं ध्यान काठावर हाय." म्हटलं, काठावर न्हाय रं लेकरा, काटेवाडीत हाय. नवी लागण, पाळी आली, आन् मी हितं फळीवर. तर त्येचं तोंडच उतरलं. "भरणं हाय व्हय? मग आदी सांगायचं की. आमच्या आजोबानं पाळीसाठी चुलत्याच्या लग्नाची पंगत सोडली व्हती." मग काय, दोघं कमरंइतक्या पाण्यात उभं ऱ्हाऊन बोलत बसलो, कुणाच्या चारीला किती दाब येतो, शेपटाकडल्याला पाणी का पोचत न्हाय, आन् लाटा येतायत, थोबाडीत मारून जातायत. शेवटी तो म्हटला, "आता एक शेवटची घ्या आन् निघा बाहेर." उठायचं मला येतंय, म्हटलं, पण हितं न्हाय जमत बाबा. पडलो तरी पालथा.

लाट आली. त्यानं फळी ढकलली. आन् तेवढ्यात काठावरनं नकोशी, हात वर करून, फोन असा समुद्राकडं धरून, शिवारभर ऐकू जाईल अशा आवाजात, "आवो, आपल्या चारीला पाणी आलं."

आईशप्पथ सांगतो, मी कवा उठलो, कसा उठलो, मला ठावं न्हाय. बांधावर उठतो तसाच उठलो. उठलो आन् डोळं फावडं हुडकाय लागलं, फावडं काय सापडंना, आन् खाली बघतो तर पाय फळीवर, फळी लाटंवर, आन् मी उभाच्या उभा काठाकडं निघालोय. मागनं शाहिद वरडतोय, "हेच, तात्या, हेच." मला काय त्येचं? मी खाली का उतरलो न्हाय, सांगू? उतरून पळण्यापरीस फळी बेगीनं जात व्हती, म्हनून. पार वाळूपातूर आलो तसाच. तितनं पळत सुटलो नकोशीकडं, पायाला बांधल्याली फळी मागनं फरफटत, माणसं बाजूला व्हतायत, आन् घेतला फोन.

बघतो तर फोनमदी हा. सोनबा. व्हिडीओ कॉल लावल्याला. म्हंतो, "आरं, भिजली तुजी लागण. शेवटची सरी ऱ्हायलीया." मागं माजा ऊस, सरीसरीत पाणी. म्हटलं, तुला कुणी सांगितलं व्हतं? "वहिनीनं." नकोशीकडं बघितलं, तर ती समुद्राकडं बघतीया. म्हटलं, आन् माजं पाणी तुज्याकडं न्हाय वळवलंस? तर हा काय म्हंतो, "तू हितं नसताना वळवलं तर मग भांडायचं कुणाशी? ये आदी. मग बघू."

तुमाला खरं सांगतो, तितं वाळूत माजा ऊर भरून आला. लई बरं वाटलं. आन् त्येच्या पाठोपाठ लई राग आला, की आता ह्या माणसाला मी शिव्या कशा घालायच्या?

हितवर समदं झ्याक व्हतं. पण गावात आलो आन् बघतो तर माज्या आदी माजं पडणं आल्यालं. जावयानं टाकलं भावकीच्या ग्रुपवर, तितनं गेलं डेअरीच्या ग्रुपवर, आन् दुधाची किटली घेऊन गेलो की जो तो वाकून वाळू वढून दाखवतोय. समुद्राला बांध घालणारा जोतीराम. म्हटलं, आरं, पण मी उभा ऱ्हायलो व्हतो, चांगला पार काठापातूर आलो. "दाखव." आता काय दाखवू? जावयानं समदं पडणं काढलंय, आन् मी उठलो तवा ती नवरा-बायकू खाली मान घालून मागचं पडणं बघत हसत बसल्याली. नकोशीनं बघितलं व्हतं, तिनं सांगितलं बी, तर म्हंतात, "वहिनी, तुमी त्येंच्याच बाजूनं बोलणार." आयुष्यात पयल्यांदा ती माज्या बाजूनं बोलली, तर कुणी धरंना. म्हटलं, शाहिदला फोन लावा. तर बादशाहभाई, तुमीच म्हटला, हसू नका, तुमीच म्हटला, "ज्याला फी दिली त्येची साक्ष चालत न्हाय."

मग ऱ्हायलं कोण? परत तोच, सोनबा. नकोशीनं फोन समुद्राकडं धरला व्हता की, त्येनं मला उठताना बघितलं व्हतं, काठाला लागंस्तवर बघितलं व्हतं. गेलो त्येच्या घरी. म्हटलं, सोनबा, तुजं माजं काय आसंल ते आसंल, पण चार माणसांत खरं काय ते सांग. तर हा बिडी इझवून म्हंतो, "सांगतो की. पुढच्या आवर्तनाला पयली पाळी मला दे." आता तुमीच सांगा. ज्या पाळीसाठी मी समुद्रात जीव जाळला, ती पाळी. पण डेअरीवर रोज ती वाळू वढणं बघवंना वो. दिली. म्हटलं, घे बाबा.

आला डेअरीवर. समदी माणसं जमल्याली, किटल्या हातात. हा मदी उभा ऱ्हायला, टोपी नीट केली. म्हंतो, "व्हय. मी माज्या डोळ्यानं बघितलं. जोतीराम उभा व्हता." माजी छाती अशी फुगली. "लाट आली तरी हलला न्हाय. पार काठापातूर आला." म्हटलं, बघा. "फकस्त," म्हंतो, "डोक्यावर उभा व्हता. पाय आभाळाकडं."

नकोशीनं फोन उलटा धरला व्हता.

आन् शपथेवर खरं बोलला वो माणूस, त्येला त्येच दिसलं, त्येला खोटं तरी कसं पाडू? तवाधरनं वाळू वढणं बंद झालं, खरं हाय. आता पोरं डेअरीपुढं डोकं जमिनीला लावून पाय वर करत्यात. पाणी गेलं, साक्ष बी गेली. वर ती शाहिदची फी जावयानं दिली म्हनून त्येचं उपकार येगळंच.

जाऊ द्या. त्येचं भरणं व्हायला अजून लई येळ हाय. मी पडतो जरा हितंच, पालथा. पाणी माज्याकडं वळलं की हाक मारा. हलवायचं-बिलवायचं न्हाय, बादशाहभाई, नुसती हाक मारा. उठायचं मला येतंय.